मराठी ज्यूंच्या शाळा आणि मुलांचे वेगळेपण

मुंबईतील माझगावची सर एली कदुरी शाळा ही मराठी भाषक ज्यूंनी आपल्या मुलांसाठी उभी केलेली शाळा. १८७५ मध्ये ती ‘इस्रायलाइट स्कूल’ या नावाने सुरू झाली, तेव्हा ती लहान मुलांची इंग्रजी शाळा होती. १८९२ च्या सुमारास तिचे हायस्कूल झाले. १९३० च्या दशकात हाँगकाँग आणि शांघायमधील उद्योगपती सर एली कदुरी यांच्या देणगीमुळे तिला आजचे नाव मिळाले. तिच्या आगेमागे मुंबईत ज्यू मुलांसाठी आणखीही शाळा निघाल्या. संख्येने हा समाज कायम मूठभरच राहिला. तरी त्यातून डॉक्टर, कवी, नाटककार, नट, शिक्षणतज्ज्ञ आणि प्राणितज्ज्ञ निघाले. या प्रत्येकाची वाट वेगळी होती. मुलाचा स्वतंत्र कल ओळखणे आणि त्याची सर्जनशीलता जोपासणे याविषयी आज शाळाशाळांत बोलले जाते. त्या दृष्टीने या समाजाचा शिक्षणाचा अनुभव पाहण्यासारखा आहे. मूल घरून जी भाषा, जी गाणी, जे सणवार आणि हाताचे जे कसब घेऊन येते, त्याला शिक्षणात जागा मिळाली की त्याच्या अंगचे गुण वर येतात, हा त्या अनुभवाचा गाभा आहे.

कोकणातले तेली, मुंबईतले विद्यार्थी

हा समाज म्हणजे बेने इस्रायल. परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगाव येथे जहाज फुटून किनाऱ्याला लागले आणि त्यांतून सात जोडपी वाचली. पुढच्या पिढ्या कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, गावोगावी पसरल्या. घाण्यावर तेल गाळणे हा त्यांचा मुख्य धंदा. शनिवारी काम बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चौलचे चेऊलकर अशी त्यांची आडनावे गावांवरून पडली. घरात मराठी, अंगावर नऊवारी, ताटात भात आणि मासे. सणांनाही मराठी नावे होती: नववर्षाचा ‘नव्याचा सण’, प्रायश्चित्ताच्या उपवासाचा ‘दरफळणीचा सण’, जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या स्मृतीचा ‘बिरड्याचा सण’. नवस फेडताना किंवा शुभकार्याच्या वेळी एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि वेलची कालवून तबकात रचायचे, भोवती फळे मांडायची, मग हिब्रू प्रार्थना म्हणून ते वाटायचे, अशी त्याची रीत आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे लोक कंपनी सरकारच्या पलटणीत आणि नोकऱ्यांत शिरले आणि मुंबईला आले. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. शहरात आल्यावर मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला. नोकरीसाठी इंग्रजी आवश्यक होते आणि धर्म समजून घेण्यासाठी हिब्रू. घरी मात्र या दोन्हींपैकी एकही भाषा नव्हती.

परक्यांच्या शाळेकडून स्वतःच्या शाळेकडे

पहिली सोय झाली ती ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळांत. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला आले आणि त्यांनी मुंबईत व कोकणात मराठी शाळा काढल्या. त्यांत बेने इस्रायल मुले शिकली आणि समाजातील काहीजण शिक्षक म्हणूनही लागले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले, ते प्रामुख्याने याच समाजासाठी. मिशनऱ्यांचा अंतिम हेतू धर्मांतराचा होता. तो फारसा सफल झाला नाही. पण मराठीतून हिब्रू शिकता येते हे सिद्ध झाले आणि ‘जुना करार’ लोकांच्या हाती मराठीत आला. आपल्याच धर्मग्रंथातल्या कथा बेने इस्रायल मुले पहिल्यांदा आपल्या बोलीला जवळच्या भाषेत वाचू लागली.

दुसऱ्याच्या शाळेत मूल शिकते खरे, पण घरचा आचार आणि शाळेतला धडा यांच्यात ते ओढले जाते. ही ओढाताण ज्यांना जाणवली त्यांत हाईम सॅम्युएल किहीमकर (१८३०–१९०८) अग्रभागी होते. इस्रायलाइट स्कूलच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता आणि लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनची मदत शाळेला मिळाली. याच किहीमकरांनी समाजाचा सविस्तर इतिहास १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला. तो तेल अवीवमध्ये १९३७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीस वर्षांनी, छापला गेला. रूढी, सण, आडनावे आणि गावे यांची त्यात काळजीपूर्वक नोंद आहे. आपल्या समाजाचे काय जपायचे आणि मुलांना नवे काय द्यायचे, हे दोन प्रश्न एकाच माणसाने एकाच वेळी हाताळले, याला महत्त्व आहे.

बगदादहून आलेल्या ज्यूंच्या शाळा वेगळ्या होत्या. डेव्हिड ससून यांच्या नावाच्या संस्थेतील शाळा आणि भायखळ्याची सर जेकब ससून शाळा त्यांच्या मुलांसाठी निघाल्या. दोन्ही समाजांत अंतर होते आणि त्यावरून कुरबुरीही झाल्या. तरी डेव्हिड ससून संस्थेच्या शाळेचे मुख्याध्यापकपद जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) या बेने इस्रायल शिक्षकाने सुमारे चाळीस वर्षे सांभाळले.

तीन भाषांतले मूल

राजपूरकरांचे काम शिक्षकाच्या नोकरीपुरते नव्हते. हिब्रू प्रार्थनाग्रंथ आणि इतर धार्मिक साहित्य मिळून वीसहून अधिक पुस्तके त्यांनी मराठीत आणली. मुंबई विद्यापीठात ते हिब्रूचे परीक्षक होते. हिब्रूचा शब्द मराठीत कसा आणायचा, याचा विचार जो माणूस रोज करत होता, तोच वर्गात शिकवत होता.

मुंबईच्या ज्यू मुलाला लहानपणापासून तीन भाषांत वावरावे लागे: घरी मराठी, शाळेत इंग्रजी, प्रार्थनेत हिब्रू. वरवर पाहता हे ओझे वाटते. पण प्रत्येक भाषा वेगळ्या प्रकारच्या मुलाला दार उघडून देत होती. पाठांतर आणि सूर चांगला असलेले मूल सिनेगॉगमधल्या हिब्रू पठणात पुढे येई. गोष्ट रंगवून सांगणाऱ्याला मराठी होती. तर्क आणि वादविवादात रमणाऱ्याला इंग्रजी. हिब्रू ही मुंबई विद्यापीठात मान्य भाषा असल्याने घरच्या धर्माची भाषा परीक्षेतही उपयोगी पडे. एकाच मापाने सगळी मुले मोजली जाण्याचा धोका त्यामुळे काही प्रमाणात टळला.

या परंपरेतले सर्वांत ठळक नाव रिबेका रूबेन (१८८९–१९५७) यांचे. पुण्याच्या हुजूरपागा या मुलींच्या शाळेत शिकून त्या १९०५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आल्या. पुढे इंग्लंडमध्ये शिक्षण घेऊन परतल्यावर १९२२ पासून १९५० पर्यंत त्या माझगावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या ‘अशोक रीडर्स’ या इंग्रजी वाचनमालेतून केवळ ज्यू नव्हे, तर अनेक भारतीय मुले इंग्रजी शिकली. इंग्रजी पाठ्यपुस्तके विलायतेतून येत आणि त्यांत बर्फ, शेकोटी आणि डॅफोडिल असत, त्या काळात भारतीय मुलासाठी येथेच बसून पुस्तक लिहिणे ही शैक्षणिक भूमिका होती. समाजाचे वार्षिक अंक आणि स्त्रियांचे संघटन यांतही त्यांनी काम केले.

डॉ. जेरुशा झिराड याही हुजूरपागेच्याच विद्यार्थिनी. बहीण गंभीर आजारी असताना कामा हॉस्पिटलात बरी झाली, तेव्हा डॉक्टर व्हायचे त्यांच्या मनाने घेतले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. १९२८ ते १९४७ या काळात त्याच हॉस्पिटलाच्या त्या प्रमुख होत्या; १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मराठी मुलींच्या सर्वसाधारण शाळेत ज्यू मुलींना सहज जागा मिळाली आणि ज्यूंच्या शाळेत इतर मुले आली. ही दुतर्फा ये-जा या अनुभवाचा महत्त्वाचा भाग आहे.

प्रश्न विचारण्याची रीत

ज्यू शिक्षणपरंपरेत मुलाच्या वेगळेपणाची सर्वांत जुनी आणि सोपी मांडणी शाळेत नसून घरच्या जेवणाच्या पानावर आहे. पेसाह, म्हणजे वल्हांडण, या सणाच्या रात्री सगळे कुटुंब एकत्र बसून इजिप्तच्या गुलामीतून सुटकेची कथा वाचते. त्या पोथीला हग्गादा म्हणतात. वाचनाची सुरुवात घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या प्रश्नांनी होते: आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? मोठ्यांनी उत्तर द्यायचे, म्हणून कथा सुरू होते. मुलाने विचारलेच नाही तर मोठ्यांनी त्याला विचारते करायचे असते.

पुढे त्याच पोथीत चार मुलांचा उल्लेख येतो. एक हुशार, एक उद्धट, एक साधाभोळा आणि एक असा की त्याला प्रश्नही विचारता येत नाही. प्रत्येकाला वेगळे उत्तर द्यावे असे ग्रंथ सांगतो. हुशाराला नियमांचे बारकावे, उद्धटाला ठणकावून, साध्याला सोप्या शब्दांत. आणि गप्प बसलेल्याला आपण होऊन सुरुवात करून द्यायची. एकच कथा, चार मुले, चार उत्तरे. वर्गात वेगवेगळ्या कुवतीची मुले असतात आणि प्रत्येकापर्यंत वेगळ्या वाटेने पोचावे लागते, ही गोष्ट आजच्या शिक्षक प्रशिक्षणात शिकवली जाते. इथे ती सणाच्या विधीतच बसवलेली आहे.

मराठी घरांत ही पोथी पोचली ती मराठी अर्थासह. पुण्यात १८७४ मध्ये छापलेल्या सचित्र हग्गादात हिब्रू मजकुराबरोबर मराठी आहे. तिची बहुतेक चित्रे युरोपातील जुन्या हग्गादांच्या धर्तीवरची आहेत. पण बिनखमिराची भाकर करण्याच्या चित्रात साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून काम करताना दिसतात. इजिप्तची कथा वाचणाऱ्या मुलाला त्या पानावर आपली आई आणि आजी दिसत होती. पाठ्यपुस्तकात मुलाचे जग असावे, हा आग्रह आज वेगळा सांगावा लागतो. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या त्या छापखान्यात तो न सांगता पाळला गेला.

याच परंपरेत जोडीने अभ्यास करण्याची रीत आहे. दोन विद्यार्थी समोरासमोर बसतात, एकच उतारा मोठ्याने वाचतात आणि त्याच्या अर्थावर वाद घालतात. एकाने बाजू मांडायची, दुसऱ्याने ती तपासायची. उत्तर पाठ असण्यापेक्षा आक्षेप नीट मांडता येण्याला तिथे किंमत असते. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात शिक्षकाला प्रत्येकाशी बोलणे शक्य नसते. जोडी लावली की निदान अर्धी मुले एका वेळी बोलत असतात.

कीर्तन आणि रंगभूमी

सर्जनशीलतेसाठी बेने इस्रायलांनी जो प्रकार निवडला तो अस्सल मराठी होता: कीर्तन. १८८० च्या सुमारास मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यू कीर्तने सुरू केली. अब्राहम, योसेफ, मोशे यांच्या कथा हरदासी थाटात, ओवी, साकी, दिंडी, आर्या अशा वृत्तांत, पेटी आणि झांजेच्या साथीने सांगितल्या जाऊ लागल्या. हिब्रू न येणाऱ्यालाही त्या समजत. आख्यान रचणे, चाली बांधणे, टाळ धरणे, अभिनय करणे, श्रोत्यांना हसवणे-रडवणे अशी नाना कामे त्यात असल्याने नाना गुणांच्या मुलांना तेथे जागा होती. कीर्तनाची ही प्रथा पुढच्या पिढ्यांनीही चालवली.

समाजाच्या या गोष्टीवेल्हाळपणाचा एक फाटा रंगभूमीवर आणि चित्रपटात पोचला. जोसेफ डेव्हिड पेणकर हे नाटककार पारसी रंगभूमीवर गाजले. १९३१ मधील भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ त्यांच्याच नाटकावर आधारलेला होता. ‘बूट पॉलिश’मधला जॉन चाचा साकारणारे डेव्हिड हे नट म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. इंग्रजी कवितेत निसीम इझिकेल (१९२४–२००४) यांचे स्थान मोठे. त्यांचे वडील विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि आई स्वतः शाळा चालवत. अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठचे प्राणिसंग्रहालय उभारणारे रूबेन डेव्हिड हेही याच समाजातले. घरात शिक्षक, ग्रंथ आणि वादचर्चा असली की मूल कवी होईल की प्राणितज्ज्ञ, हे सांगता येत नाही. पण ते कशात तरी रमेल, एवढे बहुतेक दिसते.

हाताचे कसब

सगळ्या मुलांचा कल पुस्तकाकडे नसतो. या गोष्टीची दखल ज्यू संस्थांनी वेगळ्या प्रकारे घेतली. सेंट पीटर्सबर्गमध्ये १८८० मध्ये स्थापन झालेली ‘ओआरटी’ ही संस्था ज्यू तरुणांना हस्तव्यवसाय आणि शेतीचे शिक्षण देण्यासाठी निघाली. पुढे ती जगभर पसरली आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत तिची शाखा आली. येथे तांत्रिक आणि व्यावसायिक प्रशिक्षण मिळू लागले. त्या काळात समाजातले अनेकजण इस्रायलला जात होते. हातात एखादे कसब असणे तिथे पहिल्या दिवसापासून कामाला येई. घाण्यावरचे तेली कारकून झाले होते; आता कारकुनांची मुले यंत्रापाशी उभी राहिली, आणि ते कमीपणाचे मानले गेले नाही.

जगातले दोन प्रयोग

मुलाच्या वेगळेपणाचा विचार विसाव्या शतकात ज्या ज्यू शिक्षकांनी पुढे नेला, त्यांत यानुश कोर्चाक हे पहिले नाव. पोलंडचे हे डॉक्टर आणि लेखक १९१२ पासून वॉर्सामध्ये ज्यू अनाथ मुलांचे वसतिगृह चालवत. तेथे मुलांचे न्यायालय होते. मुलेच न्यायाधीश होत आणि तक्रार शिक्षकाविरुद्धही करता येई. १९२६ मध्ये त्यांनी मुलांनी लिहिलेले वृत्तपत्र सुरू केले आणि एका मोठ्या दैनिकाची पुरवणी म्हणून ते निघत राहिले. मूल हे उद्याचे नागरिक नसून आजच पूर्ण माणूस आहे, अशी त्यांची भूमिका होती. नाझींनी मुलांना घेट्टोत कोंडल्यावर १८ जुलै १९४२ रोजी त्यांनी मुलांकडून रवींद्रनाथ ठाकूरांचे ‘डाकघर’ हे नाटक करवून घेतले. खिडकीतून बाहेरचे जग पाहणाऱ्या आजारी मुलाची ही कथा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे दोनशे मुलांबरोबर कोर्चाकही ट्रेब्लिंका छावणीकडे गेले. सुटकेची संधी असूनही त्यांनी मुले सोडली नाहीत.

दुसरे रुव्हेन फॉयरस्टाइन (१९२१–२०१४). रोमानियात जन्मलेल्या या मानसशास्त्रज्ञाने युद्धातून वाचलेल्या आणि इस्रायलला स्थलांतरित झालेल्या मुलांबरोबर काम केले. ठरावीक बुद्धिमत्ता चाचणीत ही मुले मागे पडत. फॉयरस्टाइन यांनी चाचणीची पद्धतच बदलली: मुलाला काय येते एवढेच न मोजता, थोडी मदत दिल्यावर ते किती नवे शिकते हे पाहायचे. आधी तपासणी, मग शिकवणे, मग पुन्हा तपासणी. त्यातून मुलाची शिकण्याची ताकद दिसते आणि शिक्षकाचा हातभार नेमका कुठे हवा तेही कळते.

आजची स्थिती

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायल कुटुंबे इस्रायलला गेली. आज भारतात ज्यूंची संख्या सुमारे पाच हजार आहे आणि त्यांतले बहुतेक मुंबई-ठाणे परिसरात राहतात. लोद, अश्दोद, दिमोना, बेर्शेबा येथे मराठी बोलणारी घरे आहेत आणि ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही तेथून निघाले. मुंबईतल्या शाळा मात्र बंद पडल्या नाहीत. माझगावच्या शाळेत ज्यू विद्यार्थी आता मोजकेच आहेत. भायखळ्यात मॅगेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारातील सर जेकब ससून शाळेत बहुसंख्य विद्यार्थी मुस्लिम आहेत. ज्यू व्यवस्थापन, सिनेगॉगचे अंगण आणि मुस्लिम वस्तीतली मुले ही रचना आज तिथे रोजची आहे. जून २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, त्यामुळे समाजाच्या शैक्षणिक संस्थांना त्या दर्जाचे लाभ घेता येतात.

हा अनुभव मुंबईपुरता नाही. छत्रपती संभाजीनगराचे उदाहरण घेतले तर येथे ज्यूंची शाळा नाही. पण एका समाजाने किंवा भाषेने स्वतःसाठी संस्था उभारायची आणि मग ती सर्वांना खुली करायची, हा प्रवास या शहराला अपरिचित नाही. निजामाच्या राज्यात माध्यमिक शिक्षणावर उर्दूचे वर्चस्व होते, त्या काळात १९१५ मध्ये येथे सरस्वती भुवन संस्था सुरू झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये येथे महाविद्यालय काढले. ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. आज शहरात मराठी, उर्दू, हिंदी आणि इंग्रजी माध्यमांच्या शाळा शेजारी शेजारी आहेत आणि एकेका वर्गात घरी दोन-तीन भाषा ऐकणारी मुले बसतात.

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये मुलाच्या ज्ञान, क्षमता आणि कलागुणांचा विकास व शक्य तिथे मातृभाषेतून शिक्षण, या गोष्टी अभ्यासक्रमात अपेक्षित धरल्या आहेत. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० चा रोखही तोच आहे. बेने इस्रायल अनुभवातून त्यासाठी हाताशी येणाऱ्या गोष्टी महागड्या नाहीत. आठवड्यातून एक तास असा ठेवता येतो की त्यात शिक्षकाऐवजी मुलांनीच प्रश्न विचारायचे. उतारा जोडीने वाचता येतो. गप्प बसणाऱ्या मुलाला आधी कोणी, कशी वाट करून द्यायची, हे शिक्षकांच्या बैठकीत ठरवता येते. कथाकथन, भारूड, कव्वाली, कीर्तन यांपैकी वस्तीत जे आहे ते शाळेच्या रंगमंचावर आणता येते. हिमरू कापड विणणाऱ्या घरातल्या मुलाला नक्षीतील धाग्यांची मोजणी आणि पुनरावृत्ती डोळ्यांना सवयीची असते. गणिताच्या शिक्षकाने त्याच नक्षीतून आकृतिबंध शिकवायला घेतले, तर वर्गात एरवी मागे बसणारे ते मूल पुढे येऊ शकते. चाचणीचा पेपर तपासल्यावर गुणांपाशी न थांबता, चुकलेले समजावून पुन्हा तेच विचारले तर मूल किती शिकले हे दिसते.

याला मर्यादाही आहेत. छोट्या, शिक्षणाला मान देणाऱ्या, आपसांत घट्ट बांधलेल्या समाजाला जे साधले ते पालकांना वेळ नसलेल्या वस्तीत तसेच्या तसे साधत नाही. तिथे घरची जबाबदारी शाळेला उचलावी लागते. समाजाची शाळा फक्त स्वतःच्या मुलांसाठीच राहिली तर ती कोशात जाते, आणि स्वतःचे काही न जपता सगळ्यांची झाली तर तिचे वेगळेपण उरत नाही. माझगाव आणि भायखळ्याच्या शाळांनी दारे उघडी ठेवून नाव आणि आवार जपले. मुलाच्या बाबतीतही तोल तोच आहे: घरून आणलेले टाकून न देता त्याला नवे मिळाले पाहिजे.